कार्डांचा ढीग: एकगठ्ठा की एकेक?

दारव्ह्याच्या भाच्यानं घर पाडायला काढलंय. क्रिकेट कार्डांचे तीन खोके. "मामा, एकगठ्ठा देऊ का एकेक विकू?"

पैसा एकेकात जास्त, पण मोजक्याच कार्डांना. पूर्वी बिग फन बबलगमसोबत मिळायची ती धावा-विकेटा छापलेली कार्डं कोरी करकरीत असली तर शौकीन विचारतात. कोपरा दुमडला की भाव पडला. त्याची बरीचशी टिनाच्या छपराखाली राहिलेली. उन्हाळ्यात गड्डीला लावलेलं रबर वितळून वरच्या कार्डाला असं चिकटलंय, की सोडवताना खेळाडूचं तोंडच निघून येतं!

मेहनत? एकेकाला दोन्ही बाजूंचे फोटो, प्लास्टिकचं पाकीट, पुठ्ठा, पोस्टाची फेरी. गठ्ठा एका दुपारी जातो, भाव मात्र घेणाऱ्याचा.

सवड असेल त्यानं एकेक विकावं. भाच्याचा मिस्त्री पुढच्या सोमवारी येतोय. त्यानं कोरी पन्नासेक काढून ठेवावीत, बाकी गठ्ठ्यानं द्यावीत.