दोन राणीछाप, दोन्ही डागी : ठेवायचा कोणता?

संग्रहात एकच नाणं दुसऱ्यांदा आलं की त्याला ‘डुप्लिकेट’ म्हणतात. आमच्याकडे ‘डुप्लिकेट’ म्हटलं की लोकांना बनावट वाटतं, म्हणून मी ‘दुबार’ म्हणतो. माझ्याकडे १८६२ सालचे पाच दुबार राणीछाप, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे चांदीचे रुपये, जमले. काही आजीच्या माळेतले, काही देवघरातल्या पितळी डब्यातले. एकही निर्दोष नाही. तालुक्याच्या बाजारात सोनाराने ते काट्यावर टाकले आणि म्हणाला, “हे त एकच हायेत सारे, मोडीत देऊन टाका.” मोडीच्या हिशेबाने तो बरोबरच बोलला. राणीछाप म्हणजे ११.६६ ग्रॅम, एक तोळा, आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. पण ते पाचही एकच नाहीत, आणि निवड तिथूनच सुरू होते.

१८६२ हे साल टांकसाळीने पुढे कित्येक वर्षं, १८७० च्या दशकापर्यंत, तसंच छापलं. वर्ष ओळखता यावं म्हणून काही नाण्यांवर सालाच्या आसपास बारीक ठिपके दिले. राणीच्या कपड्यावरच्या नक्षीतही फरक आहेत. म्हणून भिंग घेतल्याशिवाय यांना दुबार म्हणूच नये.

आता दोन रुपये शेजारी ठेवा. पहिला डब्यातला. हातोहात फिरून झिजलेला, राणीचा चेहरा सपाट, पण अंगावर कुठे जखम नाही. दुसरा माळेतला. वरच्या काठाला कडीचा डाख, म्हणजे कडी जोडायला ओतलेल्या धातूचा सांधा, तिथे काठाच्या बारीक रेघा बुजलेल्या. मात्र आजी माळ लग्नाकार्यालाच घालायची, त्यामुळे बाकी छाप ठसठशीत. बहुतेक जण पहिला ठेवायला सांगतील, कारण झीज ही नाण्याची नैसर्गिक गोष्ट आणि डाख ही जखम. एरवी मीही तेच सांगेन. इथे मात्र मी दुसरा ठेवला. पहिल्याचे सालाजवळचे ठिपके पुसून गेले आहेत, दुसऱ्याचे खाली शाबूत आहेत, आणि डाख त्यांच्यापासून लांब, वर आहे. जे वाचायला नाणं ठेवायचं तेच पहिल्यात उरलं नाही. डाख कानशीने घासून काढायच्या फंदात मात्र पडू नका, काठ कायमचा जातो. वजन ११.६६ च्या वर भरलं तर तो जास्तीचा भार डाखाचाच समजा.

दुसरी जोडी निवडायला याहून अवघड. एक रुपया काळा पडलेला, थोडा झिजलेला. दुसरा लखलखीत, दिसायला उजवा. दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवायचे म्हणून दरवर्षी चिंच आणि राखेने घासलेला. नजर लखलखीतावरच जाते, पण तिरप्या उजेडात धरा: बारीक ओरखड्यांचं जाळं दिसेल, आणि अक्षरांच्या कडा गोल झालेल्या. काळा ठेवा. तो काळेपणा चांदीवर हवेतल्या गंधकामुळे चढलेला थर आहे. तो नाण्याचं काही बिघडवत नाही, घासणं बिघडवतं. हळदी-कुंकू चिकटलेलं असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. घरात पूजेला नाणं लागतंच, तर घासलेलं तिथेच राहू द्या. मी तेच केलं, आईलाही बरं वाटलं.

भोकांच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: भोक टांकसाळीत पडलं की सुताराच्या गिरमिटाने? १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा मुळातच भोकाचा. त्यात एखाद्याचं भोक मध्यापासून सरकलेलं असेल आणि नाणं अस्सल असेल तर चांगल्या पैशाआधी तो ठेवा. टांकसाळीची चूक संग्रहात मोलाची. नंतर कुणी पाडलेलं भोक मात्र नाणं अगदी दुर्मीळ असेल तरच सहन करावं.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया वेगळा ठेवा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ ला तो भाग बदलला. १९११ चा रुपया घासलेला असो की डाखाचा, साल वाचता येत असेल तर जाऊ देऊ नका. १९१२ चे दोन असतील तर त्यातला वाईट खुशाल अदलाबदलीला काढा.

१९४० ते १९४५ चे रुपये अर्ध्याच चांदीचे आणि ढिगाने सापडणारे. त्यांच्या डागी दुबारांसाठी डब्यात जागा अडवू नका. फक्त काढण्याआधी मागच्या बाजूला बारीक ‘एल’ अक्षर आहे का ते बघा, तो लाहोरच्या टांकसाळीचा.

माझ्याकडचा झिजलेला १८६२ शेवटी भाचीकडे गेला. तिला ठिपके बघायचे नाहीत, राणी बघायची आहे.