भजनी मंडळाची भांडी : लग्न-तेरवीसाठी घ्यावी का?

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. गावात लग्न असो, तेरवी असो की बारसं, सैपाकाची भांडी हनुमान मंदिरामागच्या खोलीतून येतात. खोली भजनी मंडळाची. अमरावती-पुण्याकडे स्थायिक झालेले आमचे नातेवाईक गावात कार्य काढतात तेव्हा या खोलीचा विचारच करत नाहीत, थेट भांडी-सतरंज्या भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्राला फोन लावतात आणि मग बिल पाहून हळहळतात. त्यांच्यासाठी आणि आसपासच्या गावांतल्या मंडळांसाठी हे लिहिते आहे. दोन-अडीचशे पानांचं कार्य असेल तर दुसरीकडे जाऊ नका. पाचशे पानं उठायची असतील तर ताटं कमी पडतील, तेवढी बाहेरून आणा.

खोलीत लहान-मोठे गंज, म्हणजे सैपाकाची पातेली आहेत, दोन कढया, भात उपसायला कोपरं, झारे, सराटे, स्टीलची ताटं-वाट्या-गिलास, पाण्याचे ड्रम, ताडपत्री आणि सतरंज्या. गॅसची शेगडी नाही. चर खणून लाकडावरच सैपाक करावा लागतो, त्यामुळे पावसाळ्यातल्या कार्याला आधी आडोसा पाहून ठेवा. भाडं ठरलेलं नाही. वहीत नाव लिहायचं, भांडी मोजून न्यायची आणि परत करताना जमेल ती देणगी देऊन पावती घ्यायची. वस्तू हरवली तर पैसे घेत नाहीत, तशीच वस्तू आणून द्यावी लागते. हा नियम मला फार पटतो, कारण पैसे घेतले की ते दुसरीकडे खर्च होतात आणि फडताळातली जागा रिकामीच राहते.

किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना सारं गाव आबाजी म्हणतं. परत आलेला गंज ते उजेडात आडवा धरतात, काठाच्या वळणात बोट फिरवतात आणि बोटाला राख लागली तर गंज तुमच्या हातात परत देतात. रागावत नाहीत. म्हणून नवख्यांना सांगते, चुलीवर चढवण्याआधी गंजाला बाहेरून चिखलाचा पातळ लेप द्या. काजळी लेपावर बसते आणि घासताना लेपासकट निघून जाते. आजकालच्या सुना हे विसरल्या आहेत आणि मग सकाळभर तारेच्या घासणीनं हात सोलून घेतात.

या खोलीतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. एकाही भांड्यावर देणाऱ्याचं नाव नाही. माझ्या माहेरी मंदिरातल्या ताटाताटावर टिकल्यांनी ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ असं कोरलेलं असायचं आणि कोणाची ताटं कोणत्या वाड्यात जायची यावरून कुरबुरी व्हायच्या. इथं बुडाला फक्त मंडळाची खूण. कोणी आईच्या नावानं गंज दिला, कोणी लग्नातल्या अहेराच्या पैशातून कढई घेतली, सप्ताहाच्या वर्गणीतून उरलं त्यात ताटं आली. आता ते सगळं एकाच ढिगात आहे. वहीतही पाटलाच्या घरचं नाव आणि बौद्ध वाड्यातलं नाव एकाखाली एक लिहिलेलं आहे. विहाराच्या मोठ्या सतरंज्या सप्ताहाच्या पंगतीला मंदिरात येतात, हेही मी पाहत आले आहे.

मंडळातली जुनी माणसं खंजिरी घेऊन मोझरीला जाणारी. तुकडोजी महाराजांनी 1935 साली तिथं गुरुकुंज आश्रम उभारला आणि भजनाला गावाच्या कामाशी जोडलं. दुसरीकडे ऋणमोचन आम्हाला जवळ. पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी भरणाऱ्या त्या यात्रेत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, गोरगरिबांना जेवू घातलं. लग्न आणि तेरवीसाठी कर्ज काढू नका, भाकरी हातावर घेऊन खा पण पोरांना शिकवा, असं ते कीर्तनातून सांगत राहिले. या भागातल्या कास्तकाराचं वावर सावकाराकडे जायचं त्याला पोरीचं लग्न आणि बापाची तेरवी ही दोन मोठी कारणं होती, हे आमच्या घरातल्या बुढ्या माणसांनी सांगितलेलं मी ऐकलं आहे. कपाशीचा पैसा हातात यायच्या आधीच कार्य येऊन ठेपतं. अशा वेळी भांड्यांचा, सतरंज्यांचा खर्च वाचला तर उसनवारी तेवढी कमी होते.

दारू असलेल्या कार्याला भांडी मिळत नाहीत. हा नियम शंभर टक्के बरोबर आहे आणि तो कोणासाठीही वाकवू नये. गाडगेबाबांनी आपल्या पोरीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे बोकड-दारू न करता गोडाचं जेवण दिलं, ही गोष्ट आमच्याकडे लेकराबाळांना ठाऊक आहे. पण मटणालाही भांडी मिळत नाहीत, तिथं माझं मत वेगळं आहे. गावातल्या कितीतरी घरांत पाहुण्याला मटणाचंच जेवण करतात. त्यांच्यासाठी ही खोली अर्धीच उघडी राहते. दोन गंज आणि एक कढई वेगळी खूण करून बाजूला ठेवावी, बाकीच्यांची सोवळ्याची अडचणही होणार नाही. मी हे मंडळात बोलले आहे आणि बोलत राहीन.

मयतीचं सामानही इथंच मिळतं : तिरडीचे बांबू, मडकं, आणि वर्गणीतून घेतलेली, प्रेत थंड ठेवणारी शवपेटी. तिच्यासाठी देणगीचं नावही काढत नाहीत. मे महिन्यात वऱ्हाडातलं ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं आणि मुलगा पुण्याहून निघून बडनेऱ्याला उतरेपर्यंत रात्र उलटते. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा गावात पेटी नव्हती. शहरातून पेटी आणणाऱ्यानं आमची नड पाहून भाव चढवला होता आणि देण्यावाचून इलाज नव्हता. आता गावातल्या कोणावर ती पाळी येत नाही. उणीव एवढीच की पेटी विजेवर चालते आणि लाइन केव्हा जाईल त्याचा भरवसा नाही. पेटी नेतानाच जनरेटर कोणाकडून आणायचं ते ठरवून ठेवा. मंडळानं पुढची वर्गणी कळसाच्या रंगासाठी न काढता जनरेटरसाठी काढावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी तक्रार यापेक्षा मोठी आहे. भांडी घासतात बाया, मोजून ठेवतात बाया, पंगतीच्या आधी तांदूळ निवडतात बाया, आणि मंडळाच्या कमिटीत एकही बाई नाही. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत ‘महिलोन्नती’ नावाचा अख्खा अध्याय आहे आणि आमच्या मंदिरात ग्रामगीता नेमानं वाचली जाते. कोणता गंज गळतो, ताटं किती घ्यायला हवीत, घासायची जागा पाण्याजवळ का हवी, हे ज्यांना रोज कळतं त्यांना हिशेबाच्या बैठकीत बसवा. आबाजींचं वय झालं आहे. खोलीची पुढची किल्ली एखाद्या बाईकडे द्यायला काय हरकत आहे?

भांडी हवी असतील तर लग्नतिथीच्या निदान महिनाभर आधी वहीत नाव लावा. एप्रिल-मेच्या दाट तिथींना एकाच दिवशी दोन कार्यं येतात आणि ज्याचं नाव आधी त्याला भांडी, मग तो कोणीही असो. आबाजी दुपारी वावरात असतात, त्यांना सकाळच्या आरतीनंतर गाठा. मोजणीला घरचं माणूस पाठवा, सैपाक्याच्या पोराला नको. आणि वाट्या दोनदा मोजा, हरवतात त्या वाट्याच.