नऊ फुटी फ्लाय रॉड : कुडलच्या संगमावर, भर पावसात

ही पाच नंबरच्या, म्हणजे मध्यम वजनाच्या दोरीची, नऊ फुटी गळाची काठी मुळात थंड प्रदेशातल्या ग्रेलिंग, ट्राउटसारख्या माशांसाठीची. ऑनलाइन मागवली, ४,२०० रुपयांना. गेल्या रविवारी पहाटे सोलापूरहून निघून हत्तरसंग कुडल गाठलं. तिथे भीमेला सीना मिळते. शके ९४० चा मराठी शिलालेखही तिथल्याच देवळात आहे. दर्शन घेतलं आणि काठावर उतरलो.

पाऊस झिमझिम, पण वारा फार. साध्या गळाला शिसं लावून फेकतो, इथे मात्र पिसांचा माशीसारखा गळ वजनाला काहीच नसतो. जाड दोरीच्याच वजनावर तो पुढे जातो. समोरून वारा आला की दोरी अंगावर परत. पहिला तास असाच गेला. मग वारा डाव्या खांद्यावर घेऊन, फेक आखूड आणि पाण्यालगत ठेवली, तेव्हा काठीचं खरं काम कळलं. मधोमध छान वाकते, मनगट दुखत नाही. बुचाची मूठ भिजूनही निसटली नाही.

पाणी गढूळ होतं. "काळं काहीतरी लावा, सर," काठावरचे मामा म्हणाले. काळी माशी लावली आणि दुपारपर्यंत तीन चिलापी. तळहाताएवढीच, पण त्या बारीक टोकावर प्रत्येक धडक कोपरापर्यंत जाणवली! किती आनंद झाला, सांगता येत नाही.

सोबतची रीळ मात्र घेऊ नका. वाळू शिरली आणि संध्याकाळी ती अडकलीच. काठीला पाचपैकी साडेचार.