साताऱ्यात मिळणाऱ्या ‘अर्ली अमेरिकन लिटरेचर’च्या नोट्स : घ्याव्यात का, आणि घेतल्यावर काय दुरुस्त करावं?

एम.ए. इंग्रजीच्या आणि नेट-सेटच्या मुलांमध्ये हा स्पायरलचा गठ्ठा दरवर्षी हातोहात फिरतो. पोवई नाक्याच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानात ‘अमेरिकनच्या नोट्स’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पाठपोट २१२ पानं, किंमत साडेतीनशे. मुखपृष्ठावर संकलकाचं नाव नाही, तेव्हा इथेही कुणाचं नाव घेत नाही. प्युरिटनांपासून (इंग्लंडचं चर्च शुद्ध करू पाहणारे कडवे ख्रिस्ती) एमिली डिकिन्सनपर्यंतचा काळ यात आहे.

थोडक्यात सांगायचं तर पहिली साठ पानं पैसे वसूल करतात, पण तीही हातात पेन्सिल घेऊन वाचली तरच. मधली पन्नास उरकलेली आहेत. ट्रान्सेंडेंटॅलिझमचा (सत्य माणसाला आतूनच कळतं असं मानणारा एमर्सन-थोरो यांचा विचार) भाग आहे तसा पाठ केला तर मार्क जातील.

आधी चांगलं. प्युरिटन विचाराची मांडणी संकलकाला खरंच समजलेली आहे. देवाशी असलेला करार म्हणजे कॅव्हनंट. मोक्ष कोणाला ते आधीच ठरलेलं, ते प्रीडेस्टिनेशन. आणि आपण निवडलेल्यांत आहोत की नाही याची रोज आत डोकावून तपासणी. या तीन गोष्टींतून डायरी, प्रवचन आणि आत्मवृत्त हे तीन साहित्यप्रकार कसे उगवले, हे दोन पानांत स्वच्छ सांगितलं आहे. टायपॉलॉजीचं (बायबलमधली घटना पुढच्या घटनेची पूर्वखूण मानण्याचं) उदाहरणही नेमकं आहे : बायबलमधल्या इस्रायलींनी समुद्र ओलांडला, आम्ही अटलांटिक ओलांडला, म्हणजे त्या कथेची पूर्तता आमच्यात झाली. हा धागा हाती आला की प्लिमथचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड, मॅसॅच्युसेट्स बेचा विन्थ्रप, मूळ रहिवाशांच्या कैदेतली हकीकत लिहिणारी मेरी रोलँडसन सगळे उलगडतात.

चुका सुरू होतात त्या पिलग्रिम आणि प्युरिटन यांना एकच समजण्यापासून. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’मधून प्लिमथला उतरले ते सेपरेटिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून वेगळी चूल मांडलेले. १६३० मध्ये विन्थ्रपबरोबर अकरा जहाजांच्या ताफ्यातून मॅसॅच्युसेट्स बेला आलेले लोक त्याच वाड्यात राहून जळमटं काढू पाहणारे होते. वसाहती दोन, गव्हर्नर दोन. १६९१ च्या सनदेनं त्या एक झाल्या. नोट्समध्ये ब्रॅडफर्डला मॅसॅच्युसेट्स बेचा गव्हर्नर केलंय. जोड्या लावण्याच्या प्रश्नात एवढ्यावरच गाडी घसरते.

विन्थ्रपच्या प्रवचनातल्या ‘टेकडीवरच्या नगरा’चा अर्थही उलटा झालाय. नोट्स म्हणतात, ही अमेरिकेच्या थोरवीची घोषणा. मूळ प्रवचन वाचा : सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, करार मोडला तर जगभर आपलं हसं होईल, असा तो दम आहे. अजिंक्यताऱ्यावर दिवा लावला तर गावभर दिसतो आणि विझला तरी गावभर कळतं, त्यातली ही गोष्ट. आणखी एक. नोट्समध्ये हे प्रवचन ‘सतराव्या शतकात घरोघरी वाचलं गेलेलं’ म्हटलंय. ते छापलं गेलं १८३८ मध्ये.

हा घोळ एकट्या विन्थ्रपचा नाही. नोट्सच्या शेवटी जो काळाचा तक्ता आहे (आणि बहुतेक मुलं तेवढाच पाठ करतात), त्यात सालाचा एकच रकाना आहे. या विषयाला दोन लागतात : लिहिलं कधी आणि छापलं कधी. ब्रॅडफर्डचा ‘ऑफ प्लिमथ प्लांटेशन’ सतराव्या शतकातला, पण पूर्ण छापला गेला १८५६ मध्ये. प्युरिटन कवी एडवर्ड टेलरच्या कविता दोनशेहून अधिक वर्षं हस्तलिखितात पडून होत्या आणि १९३७ मध्ये उजेडात आल्या. त्या उजेडात आणणारा टॉमस जॉन्सन पुढे १९५५ मध्ये डिकिन्सनच्या कवितांची प्रमाण आवृत्ती काढतो, हेही जाता जाता लिहून ठेवा. उलट त्या काळात लोकांनी प्रत्यक्षात वाचलं ते मायकेल विगल्सवर्थचं ‘द डे ऑफ डूम’ हे दीर्घकाव्य, १६६२ चं. नोट्समध्ये त्याला अर्धी ओळ. प्रभाव कोणाचा कोणावर हे लिहिताना दुसरा रकाना बघितला नाही, तर न वाचलेल्या पुस्तकाचा प्रभाव दाखवला जातो.

सालांचा दुसरा गोंधळ पंचांगाचा आहे. ब्रिटन आणि वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर चालू होतं आणि नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे बरेचसे दिवस मागच्या सालात मोजले जात. रोलँडसन आपल्या पुस्तकात लँकेस्टरवरचा हल्ला १० फेब्रुवारी १६७५ ला झाला म्हणते, तो आपल्या हिशेबानं १६७६. नोट्समध्ये १६७५ तसंच ठेवलंय, आणि पुढच्याच ओळीत ‘किंग फिलिपचं युद्ध जून १६७५ ला सुरू झालं’ असंही आहे (हा हल्ला त्याच युद्धातला). म्हणजे बाई युद्धाआधीच पकडली गेली! फ्रँकलिनचा जन्म ६१ व्या पानावर १७०५ आणि ६४ व्या पानावर १७०६ आहे, तोही याच कारणानं. १७ जानेवारी १७०६ धरा. सातारकरांना हे समजायला जड नाही. समर्थांचं निर्वाण शके १६०३ च्या माघातलं. सरसकट ७८ मिळवले की १६८१ येतं, पण माघ इसवी सनाच्या पुढच्या वर्षात जातो म्हणून ते १६८२. रोलँडसनचं पुस्तक छापलं गेलं तेही वर्ष १६८२ च. सज्जनगडाशी जोडून ठेवलं तर हे साल डोक्यातून जाणार नाही.

अॅन ब्रॅडस्ट्रीटवरचा भाग बरा आहे. ‘द टेन्थ म्यूझ’ तिच्या मेहुण्यानं १६५० मध्ये लंडनला छापलं, हे आहे. पण पन्नास पानं पुढे फिलिस व्हीटलीला ‘अमेरिकेतली पहिली कवयित्री’ केलंय. या नोट्सला ‘पहिला-पहिली’चा रोगच आहे. व्हीटली ही कवितांचं पुस्तक छापलं गेलेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन कवयित्री. साल १७७३, ठिकाण पुन्हा लंडन, कारण बॉस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. कविता हिच्याच आहेत अशी ग्वाही देणाऱ्या बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठितांची नावं पुस्तकात छापावी लागली. हा तपशील नोट्समध्ये नाही, आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखा सगळ्यात मोठा तपशील हाच आहे. आफ्रिकेतून अमेरिकेत आणलं जाण्यावरची तिची कविता आठ ओळींची. तिचा सारांश इथे चौदा ओळींत दिलाय!

धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावर जरा थांबायला हवं, कारण नोट्सची मूळ पद्धत इथे उघडी पडते. ‘प्युरिटन’ हा एक डबा, ‘एन्लाइटनमेंट’ (बुद्धिवादी प्रबोधन) हा दुसरा. एडवर्ड्स पहिल्यात, फ्रँकलिन दुसऱ्यात, मध्ये कोरं पान. प्रत्यक्षात एडवर्ड्सचा जन्म १७०३ चा, फ्रँकलिनचा १७०६ चा. दोघं एकाच पिढीचे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक एडवर्ड्सनंही वाचलेला. ८ जुलै १७४१ ला एनफिल्डला दिलेल्या ‘सिनर्स इन द हँड्स ऑफ अॅन अँग्री गॉड’ या प्रसिद्ध प्रवचनात आगीवर धरलेला कोळी येतो, तो नुसता घाबरवायला नाही. ज्ञान इंद्रियांच्या अनुभवातून येतं हे लॉकचं म्हणणं एडवर्ड्स धर्माच्या कामाला लावतोय : नरक समजून उपयोग नाही, तो जाणवला पाहिजे.

फ्रँकलिनकडे त्याच प्युरिटन आत्मपरीक्षणाची जमाखर्चाची वही होते. उभे सात रकाने वारांचे, आडव्या तेरा ओळी गुणांच्या, चूक झाली की काळा ठिपका. एका आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. नोट्समध्ये गुण बाराच आहेत. गळालेला तेरावा गुण म्हणजे नम्रता. गंमत अशी की फ्रँकलिनच्या मूळ यादीतही बाराच होते. तू गर्विष्ठ आहेस असं एका क्वेकर मित्रानं सांगितल्यावर त्यानं तेरावा घातला. हे संकलकाला माहीत असतं तर त्या चुकीतून एक छान परिच्छेद झाला असता.

क्रांतीच्या काळाचा भाग कामापुरता. पेनचं ‘कॉमन सेन्स’ जानेवारी १७७६, स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच वर्षीच्या ४ जुलैचा, नव्या राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेले फेडरलिस्टचे ८५ निबंध १७८७-८८ चे. सालं बरोबर आहेत. गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा जेफरसनच्या मसुद्यातला परिच्छेद काँग्रेसनं काढून टाकला, एवढं एक वाक्य हातानं लिहून घ्या. अर्व्हिंगवरची तीन पानं फारच चांगली. रिप व्हॅन विंकल वीस वर्षांनी जागा होतो तेव्हा खानावळीच्या पाटीवरचा राजा जॉर्ज जाऊन जनरल वॉशिंग्टन आलेला असतो, पण चेहरा तोच. यातला टोमणा नीट पकडलाय. कूपरच्या एकाच नायकाच्या पाच कादंबऱ्या मात्र कथेच्या क्रमानं दिल्यात आणि वर मथळा ‘प्रकाशनक्रम’. खरा प्रकाशनक्रम असा : ‘पायनियर्स’ १८२३, ‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’ १८२६, ‘प्रेअरी’ १८२७, ‘पाथफाइंडर’ १८४०, ‘डिअरस्लेयर’ १८४१. नायक शेवटच्या पुस्तकात सगळ्यात तरुण आहे. क्रम लावायच्या प्रश्नात मुलं फसतात ती इथेच.

आता ट्रान्सेंडेंटॅलिझम. इथे संकलकाचा अभिमान आडवा आलाय. ‘एमर्सननं सगळं उपनिषदांतून घेतलं’ असं सरळ विधान, आणि ओव्हर-सोल (एमर्सनचा सगळ्यांत वसणारा एकच आत्मा) बरोबर ब्रह्म असं समीकरण चौकटीत. काळ बघा. ‘नेचर’ १८३६ चं, ‘अमेरिकन स्कॉलर’ १८३७ चं, ‘सेल्फ-रिलायन्स’ १८४१ चं. गीता एमर्सनच्या हाती नीट पडली ती १८४५ मध्ये, आणि ‘ब्रह्म’ ही कविता १८५७ ची. म्हणजे भारतीय विचाराशी नातं आहेच, पण ते पाया घालून झाल्यानंतर घट्ट झालं. पाया घरातल्या भांडणाचा होता : युनिटेरियन (देव एकच, येशू देव नव्हे असं मानणारं) चर्च त्याला कोरडं वाटू लागलं, १८३२ मध्ये त्यानं पाद्रीपद सोडलं. जोडीला कोलरिजमार्फत आलेला जर्मन विचार, आणि ‘ट्रान्सेंडेंटल’ हा शब्द तर कांटचा. मधला दुवा नोट्समध्ये कुठेच नाही : देव आतून बोलतो हे म्हटल्याबद्दल प्युरिटनांनी १६३७ मध्ये अॅन हचिन्सनवर खटला चालवला होता. दोनशे वर्षांनी त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये एमर्सन जवळपास तेच म्हणतो आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतात. पंधरा मार्कांच्या प्रश्नाला हे उत्तर लिहा, समीकरण नको.

भारताचा खरा, हातात धरता येईल असा संबंध थोरोकडे आहे आणि तो गाळलाय. वॉल्डन तळ्याकाठी झोपडीत राहून लिहिलेल्या ‘वॉल्डन’मध्ये तळ्याचा बर्फ कापून नेतात तेव्हा तो म्हणतो, मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पिताहेत, आणि सकाळी आपण गीता वाचतो त्याबद्दल लिहून वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळवतो. न्यू इंग्लंडचा बर्फ त्या काळी जहाजानं आपल्याकडे येतच होता, त्यामुळे हा नुसता अलंकार नाही. ‘इकॉनॉमी’ हे सगळ्यात मोठं प्रकरणही नोट्समध्ये नाही, तेव्हा झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट हाही नाही. राहणं दोन वर्षं दोन महिने, पुस्तकात मात्र ते एका वर्षात बसवलंय. नोट्स दोन्ही एकच धरतात. ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ हे नाव १८६६ चं, थोरो गेल्यानंतरचं. १८४९ मध्ये तो निबंध वेगळ्या शीर्षकानं आला होता. गांधीजींनी १९०७ मध्ये तो ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या पत्रातून वाचकांपुढे ठेवला. जुन्या सातारा जिल्ह्यातल्या बिळाशीनं १९३० मध्ये जंगल सत्याग्रह केला, तिथल्या मुलांना हा निबंध परका वाटायचं कारण नाही.

हॉथॉर्न, मेलव्हिल, पो यांची गोष्टीची रूपं दिलीत, ती कुठेही मिळतात. व्हिटमनची पहिली आवृत्ती १८५५ ची आणि बारा कवितांची, हे बरोबर.

छपाईबद्दल बोलावंच लागेल. हा झेरॉक्सचा झेरॉक्स आहे, त्यामुळे बारीक खुणा उडतात. इतर लेखकांना त्यानं फार फरक पडत नाही, डिकिन्सनला पडतो. तिचे डॅश म्हणजेच तिचा श्वास, आणि इथे निम्मे डॅश कागदातच विरलेत. उरलेल्या जागी कुणीतरी पेनानं स्वल्पविराम भरलेत. १८९० मध्ये तिच्या पहिल्या संपादकांनी जे केलं तेच साताऱ्यात पुन्हा झालं म्हणायचं. डाव्या बाजूला समास कमी सोडल्यानं स्पायरलची भोकं प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर खातात.

घेतलाच तर असा वापरा. पहिल्या दिवशी तक्त्यात छपाईच्या सालाचा रकाना आखा; दोन तासांचं काम आहे. मग विन्थ्रपच्या प्रवचनाची शेवटची दोन पानं, रोलँडसनचे पहिले तीन ‘रिमूव्ह’ (कैदेतल्या मुक्कामांची प्रकरणं), फ्रँकलिनचा गुणांचा तक्ता आणि ‘सेल्फ-रिलायन्स’ एवढं मुळातून वाचा. सगळं प्रताधिकारमुक्त आहे, मोबाइलवर फुकट मिळतं. डिकिन्सन मात्र ग्रंथालयातल्या जॉन्सनच्या आवृत्तीतून घ्या. नेटच्या दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न असतात आणि त्यांत सालांचा क्रम व जोड्या हमखास येतात, त्यासाठी दुरुस्त केलेला तक्ता पुरतो. एम.ए.च्या लांब उत्तरांना फक्त प्युरिटनांचा भाग आणि अर्व्हिंग वापरा.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच १४३ ते १५० ही पानं उलटून बघा. काही प्रतींत ती उलटी बांधली गेलीत. तिथल्या तिथे दाखवलं तर बदलून देतात, नंतर नाही.