आर्गनचे पैसे, पुटीचं काम

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिकीट न काढलेला माणूस मला पाठमोरा ओळखता यायचा. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हा कोणी भोळा म्हातारा असणार.

आमची वाडी दापोली तालुक्यात, खाडीजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा पोफळी एकावर एक अशा आडव्या झाल्या की चार दिवस विहिरीपर्यंत वाट नव्हती. पडलेलं तोडायला माणूस मिळेना आणि ज्याच्याकडे चेनसॉ तो तीन गावांचा मालक. तेव्हाच मी आणि मेहुण्याने मिळून एक चांगली, भारीतली मशीन घेतली. ती वादळाचं काम करून गेलीच, पण पुढेही दरवर्षी आगोटीला चार पैसे मिळवून देत होती.

गेल्या मे महिन्यात उतारावरचा एक फणस कापत होतो. बुंधा अर्धा सुटला, फिरला आणि गडग्याला टेकवून ठेवलेल्या मशीनवर बसला. हँडल वाचलं, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी वाचली. पण पट्टी ज्या दोन बोल्टांवर बसते, त्यांच्या खालून बॉडीला तडा गेला. केसाएवढा बारीक, बोटभर लांब, आणि त्यातून चेनचं तेल पाझरायला लागलं. अशा मशीनमध्ये तेलाची टाकी वेगळी नसते, इंजिनाच्या बॉडीतच ओतीव असते. त्यामुळे टाकी फुटली म्हणजे इंजिनाची केस फुटली. डीलर म्हणाला, नवी केस मागवावी लागेल, पाऊस लागेपर्यंत तरी येणार नाही.

मग कोणीतरी हायवेच्या बाजूचं एक दुकान सांगितलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस गोड. आधी पाणी दिलं, मग मशीन हातात घेऊन वजन केल्यासारखी खालीवर केली.

"काका, ॲल्युमिनियम बॉडी आहे ही. साधं वेल्डिंग चालत नाही हिला, आर्गन मारावं लागतं. रॉड जर्मनीचा, मुंबईहून येतो. दुसरा कोणी हात लावणार नाही बघा."

"किती होतील?"

"तुमच्याकडून काय जास्त घेणार! बेचाळीसशे."

मी घासाघीस केली नाही. खरं कारण सांगतो, आर्गन म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. वेल्डिंग करताना तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून सोडायचा तो गॅस, हे नंतर कळलं. पाच दिवसांनी मशीन मिळाली ती नव्यासारखी. तडा कुठे होता ते शोधूनही सापडेना, वर चंदेरी रंगाचा तुळतुळीत हात. मी त्याचं कौतुकसुद्धा केलं. बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून दिलं, 'मशीन रिपेअर ४२००'. वेल्डिंग हा शब्द त्यात नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही.

तीन दिवस मशीन चालली. चौथ्या दिवशी आयडलला, म्हणजे न कापता नुसती चालू ठेवली की आपोआप चढायला लागली. ट्रिगरला हात नाही, तरी आवाज वाढतोय. मला वाटलं कार्बोरेटर. स्क्रू फिरवला, थोडा वेळ बरं वाटलं. सहाव्या दिवशी माडाच्या खोडात ती एकदम गप्प झाली. दोरी ओढली तर दोरी जागची हलेना.

माझा भाचा लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपन्यांच्या स्टीलच्या पाइपलाइनवर आर्गन वेल्डिंग करतो. रविवारी आला तेव्हा पडवीत मशीन उघडली. चंदेरी डागावर त्याने चाकूचं टोक टेकवलं आणि ओढलं. रंगाखालून राखाडी भुगा निघाला. धातूचा नव्हे, खडूसारखा. आणखी दोनदा ओढलं तर एक चकती सुटून खळ्यात पडली, आणि खाली तोच तडा, तेलाने काळा झालेला, जसाच्या तसा.

"मामा, तुम्हाला पुटी विकलीय. इपॉक्सी, दोन नळ्या कालवून लावतात ती. टाका एकही नाही."

मग त्याने विचारलं, दुकानात गॅसचे सिलिंडर कुठल्या रंगाचे होते. मी आठवून सांगितलं, एक काळा आणि एक मरून.

"काळा ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलीनचा. आर्गनचा निळा असतो. निळा होता?"

नव्हता. तिकीट न काढलेला प्रवासी समोरून उतरून गेला आणि मी घंटी वाजवली.

मग त्याने मामीकडे एक लिंबू मागितलं. कानशीने केसच्या कडेला घासून धातू चकचकीत केला आणि त्यावर दोन थेंब पिळले. लगेच बुडबुडे यायला लागले, सोडा फसफसावा तसे. तेच घरातल्या ॲल्युमिनियमच्या जुन्या टोपाच्या बुडाशी करून दाखवलं, तिथे लिंबाचा रस नुसता पडून राहिला. "हे ॲल्युमिनियम नाहीच. मॅग्नेशियम आहे. भारीतल्या मशीनची केस वजन कमी ठेवायला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची ओततात." एकाच मापाचे दोन तुकडे घेतले तर मॅग्नेशियमचा ॲल्युमिनियमच्या साधारण दोन-तृतीयांश भरतो. म्हणजे त्या दुकानदाराने हातात वजन करून जे सांगितलं तेही चूक होतं. की मुद्दाम चूक सांगितलं, कोण जाणे.

आणि हा फरक साधा नाही. मॅग्नेशियमला मॅग्नेशियमचाच रॉड लागतो. ॲल्युमिनियमचा रॉड वापरला तर जोड वरून बसल्यासारखा दिसतो, पण काचेसारखा ठिसूळ होतो आणि धक्क्याने सुटतो. दोन्ही धातू साडेसहाशे अंशांच्या जरा वर-खाली वितळतात, आणि लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाहीत. आत्ता घट्ट, पुढच्या क्षणी थेंब. वर ऑक्साइडचा थर असतो, तो फोडायला एसी करंट लागतो. तडा व्ही आकारात कोरायचा, तो पुढे पळू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, ॲसिटोनने धुवायचं, तापवून आत मुरलेलं तेल बाहेर काढायचं आणि मग टाका. भाचा म्हणाला, सगळ्यात जास्त वेळ तेल काढण्यातच जातो, कारण ओतीव धातू तेल पिऊन बसलेला असतो.

वर मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो, डोळे दिपतील असा पांढरा. त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते, कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही उपयोगाचं नाही. कोरडी वाळू जवळ ठेवूनच काम करावं लागतं. त्या दुकानात ग्राइंडरशेजारी पाण्याची बादली होती, त्यात हात धुतले होते मी.

आता मशीन का जाम झाली ते. तडा नुसता टाकीत नव्हता, तो आतून इंजिनाच्या पोकळीपर्यंत गेला होता. पुटी गरम होऊन, थरथरून कडेने सुटली आणि तिथून हवा आत ओढली जायला लागली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं आणि त्याच्याबरोबर ऑइलही. आवाज आपोआप चढतो तो यामुळे. मी स्क्रू फिरवत बसलो, तोवर पिस्टनवर एका बाजूला उभे ओरखडे पडून तो ब्लॉकला चिकटला होता. बेचाळीसशे गेले ते गेलेच, ब्लॉक-पिस्टनही गेला.

दुकानात परत गेलो. "काका, मी वेल्डिंगच केलंय, तुम्ही मशीन जास्त रेटली असणार." भाच्याने काढलेली चकती समोर ठेवली तर म्हणाला, हे वरचं फिनिशिंग आहे, खाली टाका आहे. टाका दाखव म्हटलं तर गिऱ्हाईक आलं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पलीकडची मुलगी नीट बोलली. बिल आहे का, बिलावर दुकानाचं नाव-पत्ता आहे का, काम करायला द्यायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत का. माझ्याकडे वहीचं पान. आणि पुटी आम्ही स्वतःच्या हाताने खरवडून टाकली होती, एकही फोटो न काढता. हे मात्र तुम्ही करू नका, आधी मोबाइल, मग चाकू. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, हेही नंतर कळलं. मेहुणा म्हणतो करूया. मी अजून कागद जमवतोय.

केस कोल्हापूरला एका ओळखीच्या वेल्डरकडे पाठवली. त्याने पैसे न घेताच परत केली. तडा बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेलाय, टाका मारला तर बैठक वाकेल, नवीनच घ्या, असा निरोप. मला राग यायच्या ऐवजी त्या माणसाबद्दल बरं वाटलं. भाचा पण पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मामा, मी स्टीलचा माणूस, यात हात घालणार नाही."

या जूनमध्ये विहिरीजवळची एक पोफळ पडली. वरच्या वाडीतल्या पोराला बोलावलं, तो मशीन घेऊन येतो. मशीन खाली ठेवली तर पट्टीच्या मागे तोच चंदेरी तुळतुळीत हात.

"कुठे केलीस रे ही?"

त्याने हायवेकडे बोट दाखवलं. "आर्गन मारलंय काका. गेल्या आठवड्यात."

"आयडलला आपोआप चढते का?"

"हो, परवापासून. तुम्हाला कसं कळलं?"

"आधी बंद कर ती," मी म्हटलं, "आणि मोबाइल काढ."