पंचांगातलं पर्जन्याचं पान: वापरा, पण वाहनावर पेरू नका

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळच्या एका दुकानातून मी दरवर्षी पाडव्याआधी पंचांग घेते. यंदा साठ रुपयांचं लहान घेतलं, कळमेश्वरकडच्या वावरासाठी. मुहूर्त मी फारसे बघत नाही. मला हवं असतं ते पावसाच्या नक्षत्रांचं पान.

ते पान चांगलं जमलंय. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं, सूर्य कधी शिरतो ती तारीख-वेळ आणि शेवटी वाहन, म्हणजे त्या नक्षत्रात पाऊस कसा पडेल ते सांगणारा प्राणी. आमच्याकडे शेतीचा हिशोब अजून 'मिरगात पेरलं, मघात फवारलं' असाच चालतो, म्हणून हे पान कापून मी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवते.

वाहनावर मात्र पेरणी ठरवू नका, हे कळकळीनं सांगते. वाहन काढतात ते असं: सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊनं भागायचं. बाकी तीन उरली तर बेडूक, सात उरली तर म्हैस, शून्य आली तर हत्ती. या तिघांना भरपूर पाऊस. म्हणजे रत्नागिरीला जे वाहन तेच नागपूरला! ढग, वारा, माती यांचा त्यात काही संबंधच नाही. एका साली मृगाला बेडूक आहे म्हणून काकांनी पहिल्याच सरीवर पऱ्हाटी (कपाशी) टोबली. पुढे सतरा दिवस आभाळ कोरडं. नुकती उगवलेली दोन-दोन पानं माना टाकून मातीला टेकली, आणि बियाण्याची पाकिटं पुन्हा उधारीवर आणावी लागली.

बाबा निदान डोळ्यासमोरचं बघायचे. काळ्या मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून गुरांच्या कोठ्याच्या भिंतीवर चढू लागल्या की ते कुटारावर (गुरांच्या सुक्या चाऱ्यावर) ताडपत्री ओढायचे. कावळ्याचं घरटं शेंड्यावर की मधल्या बेचक्यात, यावरून पावसाचं साल कसं जाईल तेही सांगायचे. ते मी आठ वर्षं वहीत लिहून पाहिलं, मेळ बसला नाही. पण पेरायच्या आधी ते खुरप्यानं माती उकरायचे आणि वीतभर ओल दिसल्याशिवाय तिफणीला हात लावायचे नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो, तेही या ओलीसाठीच.

कागद पातळ आहे, आणि अक्षर इतकं बारीक की आईला चष्मा लावूनही वाचता येत नाही. तरी तारखांसाठी घ्याच. प्रकाशकांना एकच विनंती: वाहनाशेजारी प्रत्यक्ष पडलेला पाऊस लिहायला एक रिकामा रकाना द्या. तूर्त मी तो पेन्सिलनं आखून घेतलाय.