सिलिकॉनचा स्तन आणि हाताची स्लीव्ह: काही महिने वापरल्यावर

स्तनाच्या कर्करोगामुळे डाव्या बाजूचा स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढून वर्ष होत आलं. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन, तो बसवायला आतून खिसा असलेली ब्रा आणि हाताची प्रेशर स्लीव्ह (सूज आवरणारी घट्ट बाही) या वस्तू माझ्या रोजच्या झाल्यात. कोल्हापुरात यावर मोकळेपणाने बोलणारं मला कुणी भेटलं नाही. दुकानातसुद्धा बायका दबक्या आवाजात विचारतात. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी सिलिकॉन. जखम नीट भरेपर्यंत, साधारण ६ ते ८ आठवडे, हलका कापडी पॅडच वापरायला सांगतात. सिलिकॉनला वजन असतं आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. एका बाजूचा भार गेला की खांदा नकळत वर ओढला जातो, मान-पाठ धरते. मला ते आधी ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंकडून कळलं. माप घेता घेता म्हणाल्या, "ताई, डावा खांदा वर आलाय बघा तुमचा." सिलिकॉन वापरायला लागल्यापासून तो बराच खाली आला, पाठदुखीही थांबली. थोड्या वेळात तो अंगाइतकाच कोमट होतो. पैसे वसूल, असं मी नक्की म्हणेन.

एप्रिल-मेमध्ये मात्र हाल. टॅमॉक्सिफेन या कर्करोगावरच्या गोळीमुळे अंगातून वाफा येतात, त्यात सिलिकॉनमागे घाम साचतो, आणि व्रणाभोवतीची कातडी बधिर असल्याने घामोळं उठलं तरी कळत नाही. मी रोज आरशात तपासते. घरात असले की सुती पॅड. सिलिकॉन रात्री सौम्य साबणाने धुवायचा, पुसून त्याच्याच डब्यात ठेवायचा. साडीची पिन फार जपून, टोचली तर सिलिकॉन वाया गेला. मी पदराच्या निऱ्या आधी पिन करून घेते आणि मगच खांद्यावर घेते.

आता हात. स्तन जाणार हे मनाशी धरून मी ऑपरेशनला गेले होते. हात बदलेल हे ध्यानीमनी नव्हतं. काही महिन्यांनी डाव्या हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, दंड जड झाला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दोन्ही हात कोपरापासून ठरावीक अंतरावर टेपने मोजले, तर २ सेंटिमीटरहून जास्त फरक. ग्रंथी काढल्या की हातातल्या द्रवाला वर जायची वाट अपुरी पडते आणि तो साचतो. याला लिम्फेडिमा म्हणतात. ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही तो सुरू होऊ शकतो. पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो, आणि ते काम स्लीव्ह करते. सूज सुरू झाली असेल आणि दोन्हींचा खर्च एकदम झेपत नसेल, तर आधी स्लीव्ह घ्या.

ती मनगटाशी घट्ट आणि वर कमी घट्ट असते, म्हणून मोजमाप देऊनच घ्यायची. सकाळी उठल्या उठल्या, हात हलका असताना, भांड्यांचे रबरी हातमोजे घालून ती वर सरकवायची. सुरकुती राहिली की तिथे वळ उठतो. रात्री काढायची. रोज धुवावी लागते, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात ती सकाळपर्यंत ओलीच राहते, त्यामुळे दोन हव्यातच.

सासूबाई मायेने म्हणतात, काही उचलू नकोस. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या बायकांची सूज वाढली नव्हती. ताईंनी शिकवल्याप्रमाणे मी भिंतीवर बोटं चढवते, छोटे डंबेल्स उचलते, स्लीव्ह घालून रंकाळ्यावर चालते.

विळीवर चिरताना डाव्या बोटांना जपते. त्या हाताला कापलं, भाजलं तर लगेच धुऊन मलम. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. हा संसर्ग भराभर पसरतो.

रोज वापरली तर स्लीव्हचा ताण साधारण ६ महिन्यांत उतरतो. माझी पहिली जोडी बदलून झाली. दुसऱ्या वेळी माप नव्याने दिलं, कारण दंड तेवढ्यात थोडा उतरला होता.